चार तारा, चार महिने

आमच्या गाडीतला जनरेटर मुळात 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचा. आता तो आपल्याकडच्या उपकरणांना चालेल असं 220 व्होल्ट, 50 हर्ट्झ देतो. हे करताना मी जिथं जिथं अडकलो, तिथं मराठीत काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं सारखं वाटायचं. म्हणून लिहितोय. मी इलेक्ट्रिशियन नाही. अमळनेरला माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. प्रत्यक्ष काम माझ्यासमोर विजेच्या मोटारींची वेटोळी भरणाऱ्या एका जुन्याजाणत्या कारागिरानं केलं, मी टॉर्च धरला आणि वहीत आकडे लिहिले. तुम्हीही एकट्यानं करू नका.

गाडीची गोष्ट थोडक्यात. मायचे दोन्ही गुडघे गेलेत. लॉजचे जिने आणि धर्मशाळांचे संडास तिला जमत नाहीत, म्हणून तीन वर्षांपूर्वी जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिचं चाकांवरचं घर करून घेतलं होतं. त्या बदलाची नोंद आरसी बुकात आधीच आहे. 2024 च्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला तापीकाठी दोन रात्री राहिलो. घोडे पाहून झाले, थंडी छान होती, आणि मायनं जाहीर केलं की आता आखाजीला शहाद्याकडं तिच्या माहेरी याच गाडीतून जायचं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, ती 2025 ला एप्रिलअखेर होती. तेव्हा आमच्याकडं पारा 43-44 ला असतो आणि पत्र्याची गाडी म्हणजे भट्टी. एसी होता, पण गाडीच्या बॅटरीवर तो दीड तासाच्या वर चालत नाही. जनरेटर पाहिजेच होता.

नवा, कमी आवाजाचा, गाडीखाली मावणारा जनरेटर परवडेना. मामेभावानं अलंगचं नाव काढलं. भावनगर जिल्ह्यात 1983 पासून जहाजं फोडतात ते अलंग. तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना जहाजातून निघालेल्या सामानाची दुकानं आहेत, त्यांना खाडा म्हणतात. 10 जानेवारीला अमळनेरहून रेल्वेनं सुरत, तिथून हजिरा, आणि हजिऱ्याहून घोघ्याची रो-रो बोट. 2020 मध्ये सुरू झालेल्या या बोटीमुळं खंबातच्या आखाताला वळसा घालायची गरज राहत नाही.

तिसऱ्या खाड्यात तो दिसला. मुळात अमेरिकन घरगाडीसाठी बनवलेला, पेट्रोलवर चालणारा, 82 किलोंचा. पाटीवर 4000 वॉट, 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, 33.3 अँपिअर, 1800 आरपीएम. जहाजावर हा कसा आला ते दुकानदारालाही सांगता येईना. 60 हर्ट्झचा म्हणून कुणी घेत नव्हतं. 55 हजार सांगितले, 38 हजारांत दिला. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांत तारांची मांडणी वेगळी असते आणि नाव वाचून कुणी माझ्या आकृतीवर तारा जोडल्या तर पंचाईत होईल. घेताना तीन गोष्टी बघा. पाटी वाचता येतेय ना, स्टेटरमधून, म्हणजे वेटोळी असलेल्या स्थिर भागातून, बाहेर आलेल्या मुख्य तारा किती आहेत, आणि पक्कं बिल मिळतंय ना. दोनच तारा बाहेर असतील तर आतली जोडणी फोडावी लागते, त्या फंदात पडू नका. माझ्या यंत्राला चार होत्या. बिल नसतं तर पुढं परिवहन कार्यालयात मी पहिल्याच खिडकीवर अडलो असतो.

ट्रान्सपोर्टनं यंत्र धुळ्यात यायला अकरा दिवस गेले. भाडं 2600. 22 जानेवारीला ते आमच्या अंगणात उतरलं तेव्हा शेजारी विचारून गेले, की विहिरीवर बसवणार का.

आता आप्पा, म्हणजे सुरुवातीला सांगितलेले कारागीर. गावात त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे, पंचेचाळीस वर्षं त्यांनी हेच केलंय. रब्बीच्या दिवसांत त्यांच्याकडं जळालेल्या सबमर्सिबल मोटारींची रांग असते, कारण गव्हाला शेवटचं पाणी आणि व्होल्टेजची बोंब एकाच वेळी येतात. त्यामुळं मला फक्त रविवार मिळाले. आधी मला राग यायचा. नंतर लक्षात आलं की मधल्या सहा दिवसांत मी वाचायचो, आणि त्यामुळंच रविवारी बरोबर प्रश्न विचारता यायचे.

पहिल्या रविवारी, 2 फेब्रुवारीला, आप्पांनी एकही तार जोडली नाही. त्यांनी मेगर मागवला. मेगर 500 व्होल्टचा दाब देऊन वेटोळ्यांचं इन्सुलेशन तपासतो. त्याआधी त्यांनी एव्हीआरच्या, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या खोक्याच्या, सगळ्या तारा सोडवून बाजूला केल्या. तशीच तपासणी केली असती तर मेगरच्या दाबानं तो मेला असता आणि असा एव्हीआर इथं मिळणं कठीण. स्टेटर आणि बॉडी यांच्यात रीडिंग आलं 0.4 मेगओहम. किमान 1 तरी हवं. समुद्रकाठच्या दमट हवेत पडून वेटोळी ओलसर झाली होती. मला वाटलं, गेले 38 हजार. आप्पांनी स्टेटरच्या पोटात 200 वॉटचा बल्ब लावला, वरून गोणपाट टाकलं आणि म्हणाले, "शनवारलोंग ऱ्हाऊ दे." 8 फेब्रुवारीला रीडिंग 20 च्या वर गेलं. बल्बचा आणि सहा दिवसांच्या विजेचा खर्च एवढाच.

त्याच दिवशी कार्बन ब्रश बदलले, 240 रुपये. ब्रश ज्यावर घासतात त्या स्लिप रिंगवर काळी साय धरली होती, ती बारीक पॉलिश पेपरनं काढली. कार्बोरेटर उघडला तर आतलं रबर लिबलिबीत झालेलं. हल्ली पंपावर ई-20 पेट्रोल मिळतं, त्यातल्या इथेनॉलपुढं जुनं रबर टिकत नाही. पेट्रोलची नळी आणि गॅस्केट सगळी नवी, इथेनॉल सोसणारी घेतली, 1450 रुपये. हे आधीच करा. नळी गाडीखाली फुटली असती तर काय, याचा विचार मी अजून करत नाही.

16 फेब्रुवारीला यंत्र जसंच्या तसं, म्हणजे 120 व्होल्टवरच चालवून पाहिलं. हा आप्पांचा हट्ट होता. बदल करण्याआधी यंत्र मूळ रूपात ठीक आहे ना हे कळलं नाही, तर नंतर चूक आपली की त्याची हे शोधत बसावं लागतं. चौथ्या झटक्याला ते सुरू झालं. 121 व्होल्ट, 60.9 हर्ट्झ. माय ओट्यावरून ओरडली, "आवाज कितला करस हाई!"

23 फेब्रुवारी हा मुख्य दिवस. आधी तत्त्व सांगतो, कारण मला ते कळल्यावर भीती निम्मी झाली. स्टेटरमध्ये 120 व्होल्टची दोन सारखी वेटोळी असतात. एकाची टोकं टी1 आणि टी2, दुसऱ्याची टी3 आणि टी4. कारखान्यात ती समांतर जोडलेली होती: टी1 आणि टी3 एकत्र, टी2 आणि टी4 एकत्र. त्यामुळं व्होल्टेज 120 च राहतं आणि दोघांचा मिळून करंट 33 अँपिअर. तीच वेटोळी एकापुढं एक जोडली, म्हणजे टी2 ला टी3 जोडून टी1 आणि टी4 बाहेर काढले, की 240 व्होल्ट होतात. पण करंट मात्र एका वेटोळ्याला सोसेल तेवढाच, म्हणजे 16.7 अँपिअर. वॉट दोन्हीकडं तेवढेच. एका बैलगाडीला दोन बैल शेजारी शेजारी आणि दोन बैल पुढंमागं, असं आप्पांनी समजावलं. शाळेत समांतर-एकसर जोडणी मी मुलांना फळ्यावर वर्षानुवर्षं शिकवत आलोय, हे सांगायची हिंमत झाली नाही.

आमची अडचण वेगळीच निघाली. चार तारांपैकी दोघींवरचे नंबरांचे स्लीव्ह कधीच गळून पडले होते. मल्टीमीटरनं कोणत्या दोन तारा एका वेटोळ्याच्या हे लगेच कळलं. पण त्या दोघींतली सुरुवात कोणती आणि शेवट कोणता, हे मल्टीमीटर सांगत नाही. आप्पा म्हणाले, अंदाजे जोडू, एकसरच जोडायचंय ना. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: एकसर जोडताना टोक उलटं पडलं तर बाहेर काही येत नाही, एवढंच. समांतर जोडताना उलटं पडलं तर दोन वेटोळी एकमेकांवर शॉर्ट होऊन जळतात. म्हणून अंदाज फक्त एकसरमध्येच, आणि तोही लोड न लावता.

जोडलं, सुरू केलं, मीटर लावला. 3 व्होल्ट. माझ्या पोटात गोळाच आला. आप्पा मात्र हसले, "एक बैल उलटा जुपी दिन्हा भाऊ!" इंजिन बंद करून दुसऱ्या वेटोळ्याची टोकं अदलाबदल केली. पुन्हा सुरू. 241. तारांवर नवे स्लीव्ह चढवले, पितळी थिंबल दाबून बसवले. प्रत्यक्ष जोडणीला दहा मिनिटं लागली असतील. मला वाटलं काम झालं. खरं तर ते आता कुठं सुरू होत होतं.

आप्पांच्या मुलानं सहज टेस्टर उचलला आणि प्लगच्या दोन्ही भोकांत घातला. दोन्हीकडं उजेड. दोन्ही फेज! आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. कारण सापडायला तास गेला. मूळ जोडणीत टी2 ची तार यंत्राच्या बॉडीला एका बोल्टनं बांधलेली होती, म्हणजे तिथं न्यूट्रल अर्थ केलेला होता. आता टी2-टी3 हा मधला सांधा झाला होता आणि तोच बॉडीला जोडलेला राहिला. परिणामी दोन्ही टोकं बॉडीपासून 120 व्होल्टवर. अमेरिकेत घरोघरी अशीच मांडणी असते, तिथं चालतं. आपल्याकडं गाडीतली बटणं फक्त फेज तोडतात. बटण बंद केलं तरी दिव्याच्या होल्डरमध्ये दुसऱ्या तारेतून 120 व्होल्ट येत राहिले असते, आणि ओल्या हातानं माय तो दिवा पुसायला गेली असती. मधल्या सांध्याचा तो बोल्ट काढला, सांधा स्लीव्हनं पूर्ण झाकला आणि टी4 बॉडीला बांधला. आता टी4 न्यूट्रल, टी1 फेज. टेस्टर एकाच भोकात पेटला. तुम्ही दुसरं काही वाचलं नाही तरी हा परिच्छेद दोनदा वाचा.

जनरेटरवरचा जुना ब्रेकर एका पोलाचा, म्हणजे एकच तार तोडणारा, 35 अँपिअरचा होता. तो ठेवला असता तर वेटोळं जळून गेल्यावरही त्यानं झोप मोडली नसती. त्याजागी 16 अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी, पुढं वीज गळाली की पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि घरची वीज की जनरेटर हे निवडणारा दोन पोलचा चेंजओव्हर, जो न्यूट्रलही तोडतो. हे सगळं आणि 4 चौरस मिलिमीटरची केबल धरून 5300 रुपये.

मग वेगाची पाळी. चार पोलच्या, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांच्या, यंत्रात मिनिटाला 1800 फेऱ्यांना 60 हर्ट्झ, 1500 ला 50. इंजिनाचा वेग राखणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंगचा नट पाव पाव आटा सैल करत 2 मार्चला वेग उतरवला. आणि व्होल्टेज 241 वरून 186 वर घसरलं. वेग सहाव्या हिश्शानं कमी केला तर नुसत्या हिशोबानंही 200 यायला हवेत. एव्हीआर असताना तर 240 च टिकायला हवेत. 186 कशामुळं?

एव्हीआरवर व्होल्टेज वाढवायचा एक छोटा स्क्रू होता. माझा हात तिकडं गेला, आप्पांनी धरला. "माले समजस नही ते मी फिरवस नही." नाशकात सातपूरला जनरेटर दुरुस्त करणारा एक ओळखीचा आहे. त्याला फोटो पाठवले. सहा दिवस उत्तर नाही, कारण त्याच्या घरी लग्न. सातव्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, एव्हीआरला वाटतंय इंजिन दमलंय, म्हणून तो मुद्दाम व्होल्टेज खाली सोडतोय. 60 हर्ट्झच्या हिशोबानं बनवलेल्या एव्हीआरमध्ये ही सोय असते, नाहीतर वेग पडल्यावर रोटरमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या भागात, प्रमाणाबाहेर करंट ढकलून तो रोटर जाळेल. एका कोपऱ्यात तीन खिळे आणि त्यातल्या दोघांवर टोपी असेल, ती 60 कडून 50 कडं सरकव. स्क्रू फिरवून व्होल्टेज आणलं असतंस तर कधी वेग चुकून चढला की व्होल्टेज उडी मारून वर गेलं असतं आणि तुझा एसी गेला असता.

9 मार्चला टोपी सरकवली आणि 238 व्होल्ट मिळाले.

पण तिथं थांबलो नाही, व्होल्टेज उलट कमी केलं. रोटरच्या चुंबकाला किती ताण पडतो हे व्होल्टेज भागिले हर्ट्झ यावर ठरतं. मूळ यंत्रात एका वेटोळ्यामागं 120 भागिले 60, म्हणजे 2. 230 ठेवले तर 115 भागिले 50, म्हणजे 2.3. पंधरा टक्के जास्त. 220 ठेवले तर 2.2, दहा टक्के जास्त. शिवाय पंखा रोटरच्याच दांड्यावर, वेग कमी म्हणजे वाराही कमी, आणि बाहेर खानदेशचा उन्हाळा. म्हणून 220. एसी, फ्रिज, पंखे सगळे त्यावर खुशाल चालतात. वॉटही कमी धरायचे. इंजिनाचा वेग पाच षष्ठांश झाला की ताकदही साधारण तेवढीच उरते, म्हणजे 4000 चे 3300. मी 2800 ची मर्यादा स्वतःला घालून घेतली. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी त्यात आरामात बसतो. साधा, एकदम झटक्यानं सुरू होणारा एसी असेल तर सुरुवातीचा करंट चालू करंटच्या अनेक पट असतो. तो अशा लहान यंत्राला लावण्याआधी नीट विचार करा.

एव्हीआरच्या आणखी दोन तारा असतात, ज्यांनी तो व्होल्टेज मोजतो. माझ्यात त्या टी1-टी2 वर, म्हणजे एकाच वेटोळ्यावर होत्या, त्या तिथंच राहू दिल्या. त्या टी1-टी4 वर नेल्या असत्या तर त्याला 240 दिसले असते आणि त्यानं ते निम्मे केले असते.

कागदांचं काम याच्या समांतर चालू होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या नोंदींत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. गाडीचं वजन वाढणार, म्हणून मी आधी अर्ज केला, बसवून मग नाही. 3 मार्चला अर्ज, सोबत बिल, विम्याची प्रत, आणि मी आलेख वहीच्या कागदावर काढलेली आकृती: कुठं बसणार, किती वजन, धूर कुठून बाहेर. आकृती परत आली, मापं मिलिमीटरमध्ये हवी होती. होळी-धुळवड मधे आली. 18 तारखेला दुसरी आकृती दिली. मग मार्चअखेर, मग 31 ची ईद. 3 एप्रिलला परवानगीचा कागद हातात आला. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, पण खिडकीवरच्या बाईंनी मला एजंटाकडं न जाता सगळं कागदावर लिहून दिलं, हे सांगायला हवं. एक करा: प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दुसऱ्या आकृतीची पोच माझ्याकडं होती म्हणून तिसरी काढावी लागली नाही. विमा कंपनीलाही पत्र दिलं, त्यांनी पंधरा दिवसांत पॉलिसीवर नोंद करून दिली. फी, झेरॉक्स, शपथपत्र, एसटीचं भाडं मिळून 1150 रुपये.

यंत्र गाडीखाली बसवताना मी सगळ्यात जास्त घाबरलो होतो, आणि त्याला कारण होतं. 2024 च्या डिसेंबरात, आम्ही सारंगखेड्याहून परतलो त्याच्या आठवडाभरातच, केरळात वडकऱ्याजवळ रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली होती. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड फरशीतल्या फटीतून आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपेतला माणूस झोपेतच जातो. ती बातमी मी कापून वहीत चिकटवली होती.

म्हणून 5 आणि 6 एप्रिलला दोन दिवस आम्ही फक्त भोकं बुजवली. जनरेटरच्या खोक्याला आतून उष्णतारोधक पत्रा, केबलच्या प्रत्येक छिद्राला रबरी ग्रोमेट आणि वरून सीलंट. धुराचा पाइप गाडीच्या मागं, बंपरच्याही बाहेर, खिडक्यांच्या उलट अंगाला. वेल्डरनं त्याचे 4500 घेतले. आत दोन कार्बन मोनॉक्साइड अलार्म, एक मायच्या उशीच्या उंचीवर, दोन्ही मिळून 3800. तपासण्यासाठी मी रात्री गाडी अंधारी करून खाली टॉर्च लावला आणि आत फरशीवर पालथा पडून उजेड शोधला. तीन ठिकाणी सापडला. त्यातलं एक भोक गाडी घेतल्यापासून तिथं असणार. आणि घरातला नियम: झोपायच्या आधी जनरेटर बंद. रात्रीचा पंखा बॅटरीवर.

चैत्र पौर्णिमा 12 एप्रिलला होती. तोवर झालं असतं तर सप्तशृंगी गडावर जायचं ठरलं होतं, पायी दिंड्यांबरोबर नाही तरी त्यांच्या मागोमाग. ते हुकलं. माय दोन दिवस बोलली नाही.

13 एप्रिलला, रविवारी, दुपारी एक वाजता लोडची परीक्षा. मुद्दाम दुपारी, 42 अंशांत. प्लास्टिकच्या पिंपात पाणी भरून त्यात पाणी तापवायचे दोन रॉड सोडले, एक 1500 चा, एक 1000 चा. पिंपाला रॉड चालू असताना कुणी हात लावायचा नाही, म्हणून भोवती खाट आडवी टाकली. क्लॅम्प मीटरवर 10.4 अँपिअर. लोड नसताना 52 हर्ट्झ, लोडवर 49.8. एवढा फरक यांत्रिक गव्हर्नरमध्ये राहणारच, म्हणून रिकामं असताना 50 वर लावू नका, लोडवर 48 च्याही खाली जाईल. दोन तास चालवलं. दर पंधरा मिनिटांनी तापमापक बंदुकीनं स्टेटरच्या बॉडीचं तापमान लिहिलं. पहिल्या तासात वाढत गेलं, मग 78 वर स्थिरावलं. वाढत राहिलं असतं तर थांबवणार होतो. पिंपातलं पाणी उकळायला लागलं तेव्हा आप्पांच्या मुलानं त्यात चहा टाकू का विचारलं.

16 एप्रिलला निरीक्षकांनी गाडी पाहिली. वजनकाट्याची पावती मागितली, ती होती. जनरेटर सुरू करायला लावला, धुराचा पाइप वाकून पाहिला, फोटो घेतले. दहा मिनिटं. आरसीचं नवं कार्ड हातात यायला मे उजाडला, तोवर पावती गाडीत ठेवली.

खर्चाची बेरीज: यंत्र 38,000, वाहतूक 2600, ब्रश 240, आप्पांची मजुरी 3500 (तेही मी दोनदा हात जोडल्यावर घेतले), ब्रेकर-केबल 5300, पेट्रोलची नळी वगैरे 1450, धुराचा पाइप 4500, अलार्म 3800, कागदपत्रं 1150. एकूण 60,540. माझ्या सात रविवारांचा हिशोब यात नाही. घाई असेल तर हा मार्ग नको. एसी लावल्यावर तासाला साधारण 1.4 लिटर पेट्रोल जातं, म्हणजे जवळपास दीडशे रुपये. माहेरी जाऊन लिंबाखाली गाडी लावली तर जनरेटर लागतही नाही, हे मायनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

30 एप्रिलला, आखाजीला, सकाळी निघालो. शिरपूरच्या पुढं साडेअकराला ऊन चढलं तसा एका ढाब्यावर थांबून जनरेटर सुरू केला. शेवभाजी येईपर्यंत गाडी आत 27 ला आली. माय बर्थवर आडवी झाली, पाच मिनिटांनी उठून बसली आणि मला हाक मारली. मी धावत गेलो, आधी अलार्मकडं पाहिलं. शून्य.

"थंडी वाजस," ती म्हणाली. "गोधडी दे."

परवा तासांच्या मीटरवर 19 झाले. 25 ला इंजिनाचं तेल बदलायचं आहे.